गरम इंजिन, थंड आकडा: स्नोमोबाइलच्या धुराचं एक प्रकरण

ते मशीन तिसऱ्यांदा आलं तेव्हा दार उघडण्याआधीच वासावरून ओळखू आलं. न जळलेल्या पेट्रोलचा डोळ्यांना झोंबणारा वास, आणि जमिनीलगत रेंगाळणारा निळसर धूर. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या मागे अडकलेल्या कुणालाही हा वास माहीत असतो. पण हे मशीन जुनं नव्हतं आणि त्याने असा धूर सोडायला नको होता. शिवाय आधीच्या दोन्ही वेळा ते मीच दुरुस्त करून दिलं होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

मशीन म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबाइल: 600 सीसी वर्गातलं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शनचं, पाण्याने थंड होणारं. पुढे दोन स्की, मागे रबरी ट्रॅक, दोन माणसांची बैठक. मालक पर्यटकांना बर्फातल्या वाटांवरून फिरवून आणतो, म्हणजे मशीन रोज कामावर. त्याच्या तक्रारी तिन्ही वेळा सारख्याच होत्या. सकाळी मशीन झटकन सुरू होतं, पहिली दहा मिनिटं छान चालतं. मग गरम झालं की उभं असताना धडधडतं, धूर टाकतं, जोर लावला की वरच्या वेगाला दम तोडतं. टाकी लवकर रिकामी होते. प्लग काळे पडतात.

या वाक्यांतलं एक वाक्य मी दोनदा ऐकलं आणि दोनदा सोडून दिलं. ते कुठलं, हे पुढे येईल.

यात प्रदूषण-नियंत्रण आहे तरी कुठे

कारमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, बोट ठेवून दाखवता येतो. बहुतेक टू-स्ट्रोक स्नोमोबाइलमध्ये असा डबा नसतो. त्यामुळे 'एमिशन कंट्रोल सिस्टिमची देखभाल' हे मॅन्युअलमधलं प्रकरण वाचून लोक पान उलटतात. आपल्या मशीनला तसलं काही नाही, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती यंत्रणा सगळ्या इंजिनभर पसरलेली असते. इंजेक्टर, इंधनपंप आणि पाइप, ऑइल पंप, थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर, हवेचं आणि कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोजणारे सेन्सर, हवेचा दाब मोजणारा सेन्सर, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग आणि या सगळ्यांचं ऐकून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा संगणक. यातला एक जरी चुकीचं बोलला, तरी बाकीचे आपापलं काम चोख करत राहतात आणि धूर वाढतो.

टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त बोचतं. पेट्रोल आणि हवेचं नवं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा एक्झॉस्टचं भोक उघडंच असतं. जळालेला वायू बाहेर ढकलता ढकलता ताज्या मिश्रणाचा काही भाग तसाच बाहेर निघून जातो. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांत हा वाटा काही परिस्थितींत एक तृतीयांशापर्यंत जायचा. इतकं पेट्रोल न जळता थेट हवेत.

अमेरिकेत याला पहिली मर्यादा घातली गेली ती 2006 सालच्या मॉडेलपासून: हायड्रोकार्बन (म्हणजे मुख्यतः न जळलेलं पेट्रोल) दर किलोवॅट-तासाला 100 ग्रॅम, कार्बन मोनॉक्साइड 275 ग्रॅम. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1963 पासून स्नोमोबाइल येत होत्या. 2002 च्या हिवाळ्यात तिथल्या पश्चिम प्रवेशद्वारावर काही रेंजर्सना श्वसनमास्क लावून उभं राहावं लागलं, इतका धूर तिकीट-खिडकीपाशी साचायचा. नंतर त्या उद्यानाने स्वतःची मर्यादा ठरवली ती हायड्रोकार्बनसाठी 15 आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी 120 ग्रॅमची. बर्फातल्या स्वच्छ हवेत फिरायला येणाऱ्या माणसाने त्याच हवेत काय सोडायचं, हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटलेला नाही.

हे आकडे इंजिन चाचणी-बाकावर बसवून, पाच ठरावीक भारांवर चालवून मोजले जातात. गॅरेजमध्ये असला बाक नसतो. आपल्या हातात असतं ते एवढंच, की कारखान्यातून निघताना जे भाग ज्या स्थितीत होते त्या स्थितीत ते ठेवायचे. अमेरिकी नियमांत स्नोमोबाइलच्या इंजिनाने किमान 8,000 किलोमीटर, 400 तास किंवा 5 वर्षं, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत मर्यादेत राहणं अपेक्षित आहे. ते देखभालीशिवाय होत नाही.

पहिल्या दोन दुरुस्त्या

पहिल्या वेळी प्लग काढले. दोन्ही काळे, आणि एकावर तर ओलसर काजळीचा थर. त्याच बाजूचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला, तर पातं कार्बनने इतकं जखडलेलं की बोटाने हलेना.

हा व्हॉल्व्ह म्हणजे एक्झॉस्टच्या भोकावर वर-खाली सरकणारं धातूचं पातं. इंजिन हळू फिरत असताना ते खाली असतं, भोक उशिरा उघडतं, ताजं मिश्रण कमी वाया जातं. वेग वाढला की रबरी बेलोवर (घड्यांच्या छोट्या पिशवीवर) दाब येतो, पातं वर उचललं जातं आणि इंजिनाला मोकळा श्वास मिळतो. वरच अडकलं तर खालच्या वेगाला पेट्रोल वाया जातं आणि खाली अडकलं तर वरच्या वेगाला दम मिळत नाही. या मशीनमध्ये एका बाजूचं पातं जवळपास खालीच चिकटलं होतं. लक्षणांशी गोष्ट जुळली. मी दोन्ही पाती सॉल्व्हंटमध्ये भिजवली, प्लास्टिकच्या पट्टीने कार्बन खरवडला, बेलोला चीर नाही हे उजेडात ताणून पाहिलं, नवी गॅस्केटं टाकली, डावं-उजवं न बदलता बसवलं. प्लग नवे. मशीन घोड्यासारखं पळालं.

साधारण 300 किलोमीटरनंतर ते परत आलं. मी तेच केलं. एवढंच, की या वेळी ऑइलवर शंका घेतली आणि मालकाकडून रिकामे डबे मागवले. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच होतं. ऑइल पंपाच्या खुणाही जुळत होत्या. मी व्हॉल्व्ह पुन्हा साफ केले आणि मशीन दिलं.

इथे माझं चुकलं. कार्बन व्हॉल्व्हवर तयार होत नाही, तिथे येऊन बसतो. इतक्या कमी अंतरात इतका थर बसतो, याचा अर्थ वरून कुणीतरी तो सतत पाठवत आहे. मी दोनदा गाळणी धुतली आणि नळाचं पाणी गढूळ का येतं हे विचारलंच नाही.

तिसरी वेळ

तिसऱ्या वेळी मी हत्यार उचलण्याआधी मालकाला बसवून सगळं पुन्हा सांगायला लावलं. सकाळी झटकन सुरू होतं, पहिली दहा मिनिटं छान चालतं, असं तो पुन्हा म्हणाला आणि या वेळी ते वाक्य माझ्या कानात अडकलं. कार्बनने जखडलेला व्हॉल्व्ह सकाळ-दुपार बघत नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) कमी असतं तर थंडीत सुरू व्हायलाच त्रास झाला असता. इंधनाचा दाब जास्त असता तर मशीन सुरुवातीपासून धूर टाकत राहिलं असतं. जो दोष गार असताना नसतो आणि गरम झाल्यावर उगवतो, तो तापमानाशी बांधलेला असतो.

तरी क्रमाने गेलो. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. इंधनाचा दाब मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत. एअर बॉक्समध्ये बर्फ किंवा उंदराचं घरटं नाही (उन्हाळाभर शेडमध्ये पडून राहिलेल्या मशीनमध्ये ते सापडतं, हसण्यावारी नेऊ नये). थ्रॉटल सोडल्यावर सेन्सरचा आकडा जागेवर परत येतो. संगणकात एकही फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, साठवलेला नाही.

मग डायग्नॉस्टिक टूल जोडून, धूर बाहेर खेचणारा पाइप लावून इंजिन चालू केलं. हा पाइप न लावता बंद जागेत स्नोमोबाइल चालवू नये. दार उघडं आहे, दोनच मिनिटं लागतील, असं म्हणून सुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो, आणि रिच (हवेच्या मानाने जास्त पेट्रोलवर) चालणारं इंजिन तोच वायू भरपूर सोडतं.

इंजिन तापलं. कूलंटची नळी हाताला चांगलीच चटका देऊ लागली. लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर सेन्सरच्या बुडाशी 52 अंश दाखवत होता. या इंजिनाचा थर्मोस्टॅट 50 अंशांच्या आसपास उघडतो, म्हणजे ते बरोबरच होतं. आणि टूलच्या पडद्यावर कूलंटचं तापमान होतं 17 अंश.

संगणकाच्या मते इंजिन नुकतंच सुरू झालं होतं. गार इंजिनाला जास्त पेट्रोल द्यावं लागतं, कारण थंड भिंतींवर ते नीट उडून जात नाही. म्हणून तो इमानेइतबारे जास्त पेट्रोल देत होता. तासन् तास.

सेन्सरचा कनेक्टर सुटा करून सेन्सरचाच रोध मोजला: 0.8 किलोओम. या तापमानाला या जातीच्या सेन्सरचा तेवढाच असतो. सेन्सर निर्दोष. मग कनेक्टर पुन्हा जोडून संगणकाच्या बाजूच्या प्लगमधून मोजलं: 2.8 किलोओम. वाटेत कुठेतरी 2 किलोओम जास्तीचे होते. कनेक्टर पुन्हा उघडून भिंगाखाली धरला तेव्हा एका पिनच्या मुळाशी हिरवी भुकटी दिसली. तांब्याचा गंज. कनेक्टरच्या तोंडाशी जी रबरी सील-रिंग असायला हवी होती, ती एका बाजूला फाटलेली.

गंज का, हे मालकाच्या बोलण्यातून कळलं. मशीन उघड्या ट्रेलरवरून, मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून रोज नेलं-आणलं जातं. परत आल्यावर तो ते हाय-प्रेशर पाण्याने धुतो, अगदी बॉनेटच्या आतूनही. मशीनची काळजी घेणारा माणूस आहे तो. ती धारच खारं पाणी फाटक्या सीलमधून आत ढकलत होती.

2 किलोओमचा हिशेब

हा हिशेब मला सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून जरा थांबून सांगतो. या सेन्सरचा रोध तापमान वाढलं की घटतो. उणे 20 अंशांना साधारण 15.5 किलोओम, 0 ला 5.9, 20 ला 2.5, 50 ला 0.83, आणि 90 ला 0.24. (प्रत्येक मशीनचा तक्ता वेगळा असू शकतो, आपल्या मॅन्युअलमधलाच धरावा.)

आता प्रत्येकात 2 मिळवा. पहाटे उणे 20 ला संगणकाला 15.5 ऐवजी 17.5 दिसतात, म्हणजे तो उणे 22 समजतो. दोन अंशांची चूक, कुणाला कळणारही नाही. म्हणून मशीन सकाळी झटकन सुरू होतं. 50 अंशांना 0.83 चे 2.83 होतात, आणि संगणक 17 समजतो. चूक 33 अंशांची. इंजिन जितकं तापेल तितकं खोटं मोठं होत जातं.

फॉल्ट कोड का नाही, याचं उत्तरही इथेच आहे. या संगणकाला तार तुटली किंवा शॉर्ट झाली तरच संशय येतो. 17 अंश हे तापमान त्याला पूर्णपणे शक्य कोटीतलं वाटतं. कोड नाही म्हणजे सेन्सर खरं बोलतो आहे, असं मी कितीतरी वर्षं मनात धरून चाललो होतो.

आणि मग माझं लक्ष शेवटच्या आकड्याकडे गेलं. 90 अंशांना 0.24 अधिक 2, म्हणजे 2.24 किलोओम. संगणकाला ते 20 ते 25 अंशांच्या मधलं कुठलंतरी तापमान वाटणार. इंजिन कितीही तापलं तरी त्याला ते कोमटच दिसणार. डॅशबोर्डवरचा ओव्हरहीटचा दिवा याच सेन्सरवर चालतो. तो कधीच लागला नसता.

स्नोमोबाइलला कारसारखा पुढे रेडिएटर नसतो. ट्रॅकने उडवलेला बर्फ त्याच्या वरच्या बोगद्यासारख्या पोकळीतल्या हीट एक्स्चेंजरवर (कूलंटची उष्णता काढून घेणाऱ्या भागावर) पडतो आणि कूलंट थंड होतं. टणक बर्फावर किंवा गोठलेल्या तळ्यावर बर्फ उडतच नाही, आणि इंजिन मिनिटांत तापतं. मालकाच्या रोजच्या वाटेवर एक गोठलेलं तळं आहे. मागे पर्यटक बसलेला. मी त्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

जे केलं नाही

मधल्या काळात मालकाला दोन सल्ले मिळाले होते, दोन्ही चांगल्या मनाने दिलेले. एक, ऑइल पंपाची तार ढिली करून ऑइल कमी करा, धूर जाईल. धूर गेलाही असता. पण टू-स्ट्रोकमध्ये बेअरिंग आणि पिस्टनला वंगण मिळतं ते त्याच ऑइलमधून. ते कमी केलं की धुराच्या जागी जाम झालेलं इंजिन मिळतं.

दुसरा सल्ला जास्त फसवा होता: इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये एक छोटा डबा बसवून पेट्रोल कमी करा. आता वरचा हिशेब पुन्हा बघा. गरम इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळतंय म्हणून डब्याने सरसकट कमी केलं, तर पहाटे काय होईल? तेव्हा सेन्सर जवळपास खरं बोलतो, म्हणजे पेट्रोलही बरोबर तेवढंच सुटतं. त्यातून कापलं की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. त्यात उणे 25 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 16 टक्के दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. अशा वेळी लीन चालवलं की पिस्टनला भोक पडायला एक लांब चढण पुरते. शिवाय अमेरिकेसारख्या देशांत प्रदूषण-नियंत्रणाच्या भागात असा फेरफार करायला कायद्यानेच मनाई आहे. मला कायद्याइतकाच त्या पिस्टनचा आणि वर बसलेल्या माणसाचा विचार महत्त्वाचा वाटतो.

जे केलं

कनेक्टरचे दोन्ही टर्मिनल कापून नवे क्रिंप केले, नवी सील बसवली, सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीस. गंज तारेच्या आत कितपत चढला आहे हे पाहायला इन्सुलेशन थोडं सोललं. तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे गेलो, दोन सेंटिमीटर कापावे लागले. मग सेन्सर काढून वितळत्या बर्फाच्या काल्यात धरला. बर्फ आणि पाणी एकत्र असताना तापमान 0 असतं, याहून स्वस्त आणि भरवशाची कसोटी नाही. संगणकाच्या टोकाला 5.9 किलोओम मिळाले. हीच कसोटी जुन्या कनेक्टरसह घेतली असती तर 7.9 आले असते आणि पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडलं असतं.

दिव्याची खात्री वेगळी केली. सेन्सरच्या जागी 200 ओमचा रेझिस्टर लावला. संगणकाला वाटलं इंजिन 90 च्या पुढे गेलं आणि दिवा लागला. मालक शेजारी उभा होता. तो दिवा त्याने स्वतः पाहावा असा माझा आग्रह होता.

व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा साफ केले. अडकलेल्या बाजूचा बेलो आता कडक झाला होता, तो बदलला. प्लग नवे.

बॉनेटखाली हात घातलाच होता म्हणून इंधनाची नळी पाहिली. मधला एक तुकडा कुणीतरी साध्या नळीचा टाकला होता. गळत नव्हता. पण साध्या रबरातून पेट्रोलची वाफ भिंतीतूनच हळूहळू पाझरते, मशीन बंद असतानाही. म्हणूनच 2008 पासूनच्या अमेरिकी नियमांत टाकीतून आणि नळीतून होणाऱ्या पाझरावरही मर्यादा आहे. नळी कमी पाझराची, तशी छपाई असलेली बसवली. शेडमध्ये सकाळी येणारा वास गेला, असं मालकाने आठवड्याने कळवलं. तो वास त्याने तक्रारीत कधी सांगितलाच नव्हता, स्नोमोबाइलला असतोच असं धरून.

त्यानंतर माझ्या तपासणीच्या वहीत एक ओळ वाढली. आलेल्या प्रत्येक मशीनचं कूलंट तापमान दोनदा बघायचं: रात्रभर गार झालेलं असताना, आणि पूर्ण तापल्यावर. गार असताना कूलंट आणि हवा दोन्ही सेन्सरचे आकडे जवळपास सारखे हवेत. तापल्यावर पडद्यावरचा आकडा बाहेरून मोजलेल्या तापमानाशी जुळायला हवा. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त गार असताना पाहिलं असतं, तर या मशीनने मला चौथ्यांदाही फसवलं असतं. मालकाने धुण्याची पद्धत बदलली: बाहेरून कमी दाबाचं पाणी, बॉनेटच्या आत फक्त ओलं फडकं. ट्रेलरवर आता आच्छादन आहे.

हंगाम संपल्यावर मशीन साठवणीसाठी आलं. पहिल्यांदा व्हॉल्व्ह साफ करून दिल्यावर ते जितकं चाललं होतं, त्याच्या पाचपट तरी अंतर मध्ये झालं होतं. मी पाती बाहेर काढली. दोन्ही बोटाने सरकत होती, आणि त्यांच्यावर चहाच्या डागासारखा तपकिरी थर होता. फडक्याने पुसला, निघाला.